आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

‘स्पेकवरून कोड काढू नका, क्लायंट हाताने लिहा.’ वेब एपीआय वापरणाऱ्या टीममध्ये हा सल्ला आता इतक्या ठामपणे दिला जातो, की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. विचारलंच तर चार कारणं मिळतात. एक, हा प्रयोग डब्ल्यूएसडीएलच्या, म्हणजे सोप सेवांची व्याख्या लिहिण्याच्या भाषेच्या, काळात झाला आणि फसला. दोन, जनरेट केलेला कोड कुरूप आणि अवजड असतो. तीन, असा क्लायंट ठिसूळ असतो. सर्व्हरने जरा काही बदललं की मोडतो. आणि चौथं, अगदी अलीकडचं: एआय हवा तो क्लायंट मिनिटभरात लिहून देतं, मग जनरेटर पाळायचा कशाला?

चारही कारणांत थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर ती टिकली. पण चारही ठिकाणी चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे. दोष आहे तो स्पेकचा, म्हणजे सेवेची व्याख्या सांगणाऱ्या त्या फाइलचा. ती कुणी मन लावून लिहीत नाही, कुणी तपासत नाही आणि तरी सगळे तिच्यावर विसंबून असतात. जनरेटर फक्त तिच्यातली पोकळी उघड्यावर आणतो.

आधी इतिहासाचा आरोप घेऊ. तो करणारे २००१ पासून सुरुवात करतात, कारण त्या वर्षीच्या मार्चमध्ये डब्ल्यूएसडीएल १.१ हे टिपण डब्ल्यू३सीने प्रसिद्ध केलं. पण सेवेच्या व्याख्येतून कोड काढण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये रिमोट प्रोसिजर कॉलवरचा आपला गाजलेला निबंध लिहिला. दोन यंत्रांमधला पुढचा-मागचा कोड माणसाने लिहायचाच नाही, ‘लुपिन’ नावाच्या प्रोग्रॅमने इंटरफेसच्या वर्णनावरून तो तयार करायचा, ही व्यवस्था त्यात आहे. त्याच दशकात सन कंपनीचा आरपीसीजेन आला. १९९१ मध्ये कोर्बा आलं आणि त्याच्याबरोबर इंटरफेस लिहिण्याची स्वतंत्र भाषा आली. सोपचा बहर ओसरल्यावरही ही परंपरा संपली नाही. गुगलने २००८ मध्ये प्रोटोकॉल बफर्स खुले केले, २०१५ मध्ये जीआरपीसी आणलं. दोन्हींचा पायाच व्याख्येतून कोड काढण्यावर उभा आहे. कल्पनाच खोटी असती तर ती इतकी वर्षं, इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा उभी केली गेली नसती.

मग सोपच्या काळात नेमकं बिघडलं काय? दोन गोष्टी बिघडल्या. पहिली गोष्ट भ्रमाची. अवजारांनी दूरच्या यंत्रावरचा कॉल शेजारच्या फंक्शनसारखा दिसू दिला. यातला धोका सनच्याच जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएसडीएल जन्माला यायच्या कितीतरी आधी, सांगून ठेवला होता: लागणारा वेळ, स्मृतीचा वापर, समांतर काम आणि अर्धवट अपयश या बाबतींत दूरचा कॉल जवळच्या कॉलसारखा नसतोच. शेजारचं फंक्शन एकतर उत्तर देतं नाहीतर तुमच्यासकट कोसळतं. दूरचा सर्व्हर मात्र काम पूर्ण करूनही उत्तर पोचवू शकत नाही, आणि तुम्हाला काम झालं की नाही तेच कळत नाही. हे लपवणारा क्लायंट वाईटच. पण तो हाताने लिहिलेला असला तरी तितकाच वाईट.

दुसरी गोष्ट मुळातली. डॉटनेटवाला एक क्लास लिहायचा, मेथडवर एक खूण लावायचा आणि डब्ल्यूएसडीएल आपोआप बाहेर पडायची. ती त्याने उघडून पाहिलेली नसायची. त्या मेथडने डेटासेट परत दिला की डब्ल्यूएसडीएलमध्ये आशय उरायचाच नाही. ‘इथे एक स्कीमा येईल आणि मग काहीही येईल’ एवढंच तिच्यात लिहिलेलं असायचं. पलीकडे जावावाला ती फाइल आपल्या अवजाराला द्यायचा आणि ‘एस:स्कीमा’ नावाच्या घटकाची घोषणाच सापडत नाही, ही तक्रार त्याच्या पडद्यावर यायची. त्या काळात जावा आणि डॉटनेट जोडण्याचं काम केलेल्या कुणालाही ती ओळ आठवेल. हा गोंधळ आवरायला डब्ल्यूएस-आय या संघटनेला नियमांचा संच काढावा लागला, आणि २००४ च्या त्या बेसिक प्रोफाइलने आरपीसी-एन्कोडेड हा संदेश लिहिण्याचा प्रकार बादच केला. जावाच्या अवजाराने तक्रार केली ती योग्यच केली. फाइलमध्ये काही नव्हतंच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आता कुरूपतेचा आरोप. हा आरोप करणाऱ्यांकडे पुरावा तयार असतो आणि तो खराही असतो. जनरेट केलेल्या क्लायंटमध्ये ‘इनलाइनरिस्पॉन्स२००’ नावाचा क्लास सापडतो. ‘गेटयूजरयूजिंगगेट_१’ नावाची मेथड सापडते. पायथनच्या फास्टएपीआयवर उभ्या सेवेचा क्लायंट काढला तर फंक्शनचं नाव, पत्ता आणि एचटीटीपीची क्रिया एकमेकांना चिकटवलेली लांबलचक नावं मिळतात. असला कोड वाचवत नाही, हे मान्य.

पण ही नावं कुठून आली ते पाहा. ‘इनलाइनरिस्पॉन्स२००’ तेव्हा येतं, जेव्हा स्पेकमध्ये उत्तराचा आराखडा जागच्या जागी, बिनानावाचा लिहिलेला असतो. लेखकाने नाव दिलं नाही तर जनरेटरने काय बारसं करायचं? ‘यूजिंगगेट_१’ हा स्प्रिंगफॉक्स या जावा कोडवरून स्पेक काढणाऱ्या अवजाराचा प्रताप. कोडमधल्या मेथडच्या नावाला तो क्रियेची शेपटी लावतो आणि दुसरी तशीच मेथड भेटली की आकडा जोडतो. ओपनएपीआय या साच्यातल्या स्पेकमध्ये प्रत्येक कॉलला ‘ऑपरेशन-आयडी’ देण्याची सोय आहे, ती कुणी वापरलेली नसते. जनरेट केलेल्या कोडमधलं जे जे डोळ्यांना खुपतं, ते बहुतेक वेळा स्पेकच्या एखाद्या ओळीपर्यंत मागे नेऊन दाखवता येतं. हाताने लिहिणारा ही घाण स्वतः नावं देऊन झाकतो. पण त्याने दिलेलं नाव फक्त त्याच्या रेपोत राहतं. शेजारच्या टीमचा अँड्रॉइडवाला त्याच उत्तराला तिसरंच नाव देतो, आणि मग ‘ऑर्डर’ की ‘पर्चेस’ यावर बैठक भरते.

अवजडपणाचं मी नाकारत नाही. दहा कॉलसाठी शेकडो फाइली ओतणारे जनरेटर आहेत. पण सगळेच तसे नाहीत. टाइपस्क्रिप्टसाठी ‘ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट’ नुसते टाइप काढून देतं. प्रोग्रॅम चालू असताना त्याचा एक बाइटही नसतो. एक अवजार सैल निघालं म्हणून पद्धतच सोडायची, हा काही युक्तिवाद नव्हे.

ठिसूळपणाचा आरोप या चारांत सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. उदाहरण रोजचं आहे. ऑर्डरच्या स्थितीला स्पेकमध्ये तीन किमती ठरलेल्या आहेत: आली, पाठवली, पोचली. सर्व्हरने चौथी वाढवली: परत आली. हाताने, सैल हाताने लिहिलेला क्लायंट ती शब्द म्हणून वाचतो आणि पुढे जातो. ओपनएपीआय जनरेटरने जावासाठी काढलेला क्लायंट मात्र अनोळखी किंमत दिसताच अपवाद फेकतो, आणि एका ऑर्डरपायी अख्खी यादी हातची जाते. फील्डचंही तसंच: जॅक्सन या जावाच्या जेसन लायब्ररीच्या दुसऱ्या मालिकेत अनोळखी फील्ड आलं की थांबायचं, ही मूळची सवय आहे. विरोधक इथे बोट ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही: ही यादी बंद आहे की वाढणारी आहे, हे कोणी सांगायचं? ते ठरवणं सेवा लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि ते स्पेकमध्ये लिहायला हवं. ओपनएपीआय जनरेटरमध्येही अनोळखी किमतीसाठी वेगळं खातं ठेवण्याचा पर्याय आहे, फक्त तो स्वतःहून चालू नसतो. गुगलच्या लोकांनी हाच धडा अधिक कठोरपणे घेतला. प्रोटोकॉल बफर्सच्या दुसऱ्या आवृत्तीत फील्ड ‘सक्तीचं’ करता यायचं. एकदा सक्तीचं केलेलं फील्ड काढणं म्हणजे जुन्या प्रत्येक वाचकाला मोडणं, हे कळल्यावर तिसऱ्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली, आणि एनमच्या याद्याही उघड्या केल्या. म्हणजे बदलाला तोंड देणं हा व्याख्येच्या भाषेचाच गुण झाला, आणि तो त्या भाषेतून निघणाऱ्या प्रत्येक क्लायंटला फुकट मिळाला. हाताने लिहिणाऱ्यांच्या दुनियेत हा शहाणपणा प्रत्येकाला वेगळा, आपापल्या अपघातातून मिळवावा लागतो.

आणि ‘सैल’ क्लायंट मोडत नाही, हा तरी किती खरा दिलासा? जावास्क्रिप्टमध्ये संख्या ५३ बिटांपलीकडे गेली की शेवटचे अंक गुपचूप बदलतात. अपवाद नाही, लाल अक्षरं नाहीत. ग्राहक क्रमांक चुकीचा होतो आणि काम पुढे चालू राहतं. ट्विटरचे आयडी २०१० मध्ये त्या मर्यादेकडे निघाले तेव्हा कंपनीला तोच आयडी अक्षरमालेच्या रूपात देणारं ‘आयडी_एसटीआर’ हे जुळं फील्ड एपीआयमध्ये घालावं लागलं. इथे मी जनरेटरचीही बाजू घेणार नाही: स्पेकमध्ये ६४ बिटांची संख्या असं लिहूनही टाइपस्क्रिप्टचे अनेक जनरेटर तिला साधी संख्याच करतात. उलट प्रोटोकॉल बफर्सने आपल्या जेसन रूपात ६४ बिटांची संख्या अक्षरमाला म्हणूनच लिहायची, असा नियम केला. उपाय दोन्हीकडे एकाच जागी सापडला: व्याख्येत. तिथे एकदा दुरुस्त केलं की सगळ्या भाषांत दुरुस्त होतं.

रेस्टच्या सच्च्या अनुयायांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे आणि आदराने घ्यावा असा आहे. रॉय फील्डिंगने २००० च्या आपल्या प्रबंधात रेस्ट मांडलं आणि २००८ मध्ये वैतागून पुन्हा लिहिलं, की जे एपीआय दुव्यांवरून चालत नाहीत त्यांना रेस्ट म्हणू नका. या मताने पाहिलं तर पत्त्यांची यादी आधीच लिहून ठेवणारं स्पेक हीच चूक; क्लायंटने एका दारातून शिरावं आणि पुढचा रस्ता उत्तरांतल्या दुव्यांवरून काढावा. ब्राउझरला हे जमतं, कारण पडद्यासमोर वाचणारा माणूस बसलेला असतो. रात्री दोन वाजता बिलं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमसमोर कुणी बसलेलं नसतं. कोणत्या फील्डचा अर्थ काय, हे त्याला आधीच माहीत असावं लागतं. ज्यांनी खरोखर दुव्यांवर चालणारी सेवा बांधली त्यांना माझा विरोध नाही. पण ठरलेल्या पत्त्यांवर ठरलेलं जेसन देणाऱ्या सेवेला रेस्ट म्हणायचं आणि मग रेस्टच्या नावाने स्पेक नाकारायचं, ही पळवाट आहे.

खरं म्हणजे ‘हाताने लिहिलेला’ क्लायंटही व्याख्येतूनच निघतो. फक्त ती व्याख्या पीडीएफमध्ये असते, नाहीतर विकीवरच्या जुन्या पानात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या नमुना उत्तरात. आणि जनरेटर असतो एक दमलेला माणूस. तो पीडीएफचं तेविसावं पान वाचतो, चोविसाव्यावरची तळटीप त्याच्या नजरेतून सुटते. पुढच्या महिन्यात पीडीएफची नवी आवृत्ती येते, तेव्हा नेमकं काय बदललं हे कुणीच सांगू शकत नाही. करार दोन्हीकडे आहे. तो यंत्राला वाचता येतो की नाही, एवढाच फरक.

हा फरक मोठ्या व्यवस्थेत किती महत्त्वाचा होतो हे पाहायला सिलिकॉन व्हॅलीत जायला नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांतून अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था उभी राहिली. माहिती देणारी बँक एक, मागणारी वित्तसंस्था दुसरी, मधला संमती सांभाळणारा अ‍ॅग्रिगेटर तिसरा, आणि तिघांचंही सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेलं. रिझर्व्ह बँकेच्याच रीबिट या उपकंपनीने २०१९ मध्ये या सगळ्यांसाठी सामाईक तांत्रिक स्पेक काढलं, आणि ते नुसत्या गद्यात न ठेवता यंत्राला वाचता येईल अशा रूपातही दिलं. कल्पना करा, प्रत्येक बँकेने ते वाचून आपापल्या समजुतीने हाताने उतरवलं असतं तर संमतीतल्या एकेका तारखेचा साचा जुळवण्यात किती महिने गेले असते. जिथे एकाच बोलण्याला अनेक तोंडं आहेत, तिथे सगळ्यांना एकाच ओळीवरून बोलायला लावणारा जनरेटर ही शिस्त आहे, चैन नव्हे.

चौथा आरोप एआयचा. त्यातला अर्धा भाग मी आनंदाने मान्य करतो: भाषा-मॉडेल क्लायंट लिहितं, आणि बऱ्याचदा जनरेटरपेक्षा देखणा लिहितं. पण त्याला दिलं काय होतं? स्पेक दिलं असेल तर ते व्याख्येतूनच कोड काढत आहे. फक्त असा जनरेटर निवडला आहे, जो तोच प्रश्न दोनदा विचारल्यावर दोन उत्तरं देऊ शकतो. स्पेक दिलं नसेल तर ते अंदाज करत आहे. अशा वेळी ते अस्तित्वातच नसलेलं फील्ड इतक्या सफाईने लिहितं, की रिव्ह्यू करणाऱ्याला संशयही येत नाही. जनरेटरचा खरा गुण वेग नव्हेच. त्याचा गुण हा, की स्पेकमधली एक ओळ बदलली की कोडमधलीही ठरलेलीच ओळ बदलते, आणि ते दोन बदल शेजारी ठेवून माणसाला तपासता येतात. मॉडेलला कामाला लावायचं असेल तर स्पेकमधली बिनानावाची उत्तरं शोधायला, वर्णनं लिहायला, जनरेटरचे साचे सुधारायला लावा. तिथे त्याची चूक एकदाच पाहावी लागते.

एवढं बोलल्यावर माझ्या बाजूची मर्यादाही सांगायला हवी. दोन कॉलच्या सेवेसाठी जनरेटर बसवणं हा नसता उद्योग आहे. सरळ हाताने लिहा. आणि मोठ्या सेवेतही व्याख्येतून काढायचं ते फक्त तारेवरून जाणाऱ्या गोष्टींचं रूप: टाइप, पत्ते, जेसनमध्ये जाणं-येणं. किती वेळ थांबायचं, पुन्हा कधी प्रयत्न करायचा, पैसे पाठवण्याचा कॉल अर्ध्यावर तुटला तर तो पुन्हा करणं सुरक्षित आहे का, हे निर्णय माणसाने लिहायचे आणि जनरेट केलेल्या कोडच्या बाहेर, वेगळ्या पातळ थरात ठेवायचे. वाल्डोचा इशारा पाळायची हीच जागा.

हे जमतं याचा पुरावा अ‍ॅमेझॉनच्या पायथन लायब्ररीत आहे. जुनी बोटो हाताने लिहिलेली होती, आणि अ‍ॅमेझॉनच्या नव्या सेवांच्या मागे धावणं हे तिचं कायमचं काम होऊन बसलं. २०१५ मध्ये आलेल्या बोटो३ च्या पोटात बोटोकोर आहे, आणि बोटोकोरमध्ये प्रत्येक सेवेची व्याख्या जेसन फाइलमध्ये आहे. क्लायंटचे क्लास तिच्यावरून प्रोग्रॅम चालू असतानाच घडतात. फाइली तयार होत नाहीत, पण तत्त्व हेच. पुन्हा प्रयत्न करण्याचे नियम वेगळ्या विभागात आहेत, आणि सेवांच्या लहरी सांभाळणारा हाताने लिहिलेला कोड वेगळ्या फाइलीत. यंत्राचं यंत्राकडे, माणसाचं माणसाकडे.

कुणी म्हणेल, मग स्पेक आधी आणि कोड नंतर, हाच तुमचा मंत्र का? तसंही नाही. कुबरनेट्सचं उदाहरण उलट दिशेचं आहे: तिथे मूळ टाइप गो भाषेत लिहिले जातात आणि ओपनएपीआय फाइल त्यांतून निघते. तरी तिच्यावरून पायथन आणि जावाचे क्लायंट तयार होतात आणि ते वापरले जातात. कारण ती फाइल रेपोत ठेवलेली आहे, तिच्यातला प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमध्ये दिसतो, आणि एपीआय कसं असावं याचे लिखित नियम लावून तो तपासला जातो. आधी काय लिहिलं हा प्रश्न दुय्यम आहे. स्पेक बाहेर जाण्याआधी कुणा जबाबदार माणसाने ते करार म्हणून वाचलं का, यावर सगळं ठरतं. डॉटनेटच्या त्या डब्ल्यूएसडीएलला असा वाचक मिळाला नव्हता.

म्हणून हाताने लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्यांना माझं सांगणं असं. स्पेकची फाइल रेपोत ठेवा. प्रत्येक आराखड्याला आणि प्रत्येक कॉलला माणसाने नाव द्या. यादी वाढणार असेल तर तसं लिहा. जुन्या क्लायंटना मोडणारा बदल आला की बिल्ड थांबलं पाहिजे. प्रोटोकॉल बफर्ससाठी बफ आणि ओपनएपीआयसाठी ओएएसडिफ अशी अवजारं त्यासाठी तयार आहेत. जनरेट झालेल्या कोडला हात लावू नका. खुपलं तर स्पेक सुधारा. एवढं करूनही जनरेटर नको वाटला तर खुशाल काढून टाका, कारण तोवर तुमचं स्पेक इतकं स्वच्छ झालेलं असेल की हाताने लिहिलेला क्लायंटही बरा निघेल. पण यातलं काहीच न करता जनरेटर तेवढा हाकलला, तर चूक जिथे होती तिथेच राहील. फक्त ती दाखवणारं कुणी उरणार नाही.